लातूरच्या ट्यूशन एरियातला योगवर्ग: शिकवणं उत्तम, पण तो आरसा झाका

संतोष, म्हणजे आहे त्यात समाधान मानायचा योगातला नियम, शिकवायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी डोळे मिटून ‘मी समाधानी आहे’ असं म्हणायला लावतात. इथे तसलं काही नाही. ६० मिनिटांत प्रवचन शून्य, जे काय ते आसनातूनच.

पाय पसरून बसून पुढे वाकायचं पश्चिमोत्तानासनच बघा. अभ्यासिकेत दिवसभर बसून पोरांच्या मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले असतात. पाय ताठ ठेवून वाकलं की ते ओटीपोटाचा सांगाडा मागे खेचतात, पाठीला पोक येतं आणि ताण सगळा कंबरेवर. म्हणून इथे आधी बुडाखाली सतरंजीची २-३ इंचांची घडी, गुडघे किंचित सैल, तळव्यांना पंचा नाहीतर ओढणी. वाकायचं ते खुब्यातून. कुठवर? श्वास अडखळतो तिथून बोटभर अलीकडे, आणि तिथेच ६ ते ८ श्वास. शेजारच्याचं कपाळ गुडघ्याला टेकलं तरी आपली जागा तीच.

शीतली प्राणायामात श्वास आत घ्यायला जिभेची नळी करावी लागते, ती सगळ्यांना जमत नाही. अशांना जीभ पिळत बसवत नाहीत. दात जुळवून फटींतून श्वास घ्यायची सीत्कारी देतात. तोंडाने घेतलेल्या श्वासात धूळ गाळली जात नाही, त्यामुळे वावटळीच्या दिवशी दोन्ही बंद. योग्यच आहे.

पोरगं समाधानी झालं तर ‘नीट’चा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करेल का, ही पालकांची ठरलेली शंका. योगसूत्रांतल्या पतंजलींच्या नियमांत संतोषाच्या लगेच पुढे तप, म्हणजे नेटाने कष्ट, आहे, एवढं त्यांना सांगावं.

आता खटकलेलं. समोर भिंतभर आरसा आहे. पुढच्या रांगेतली मुलं त्यात बघायला मान उचलतात, मान आखडते, श्वास कोंडतो. वर दर आठवड्याला ‘बेस्ट आसन’चा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर! टेस्टच्या रँकने वैतागलेल्या रिपीटरला, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्याला, इथेही रँकच? शवासनाला १० मिनिटं ठरलेली, पण पुढची बॅच दार वाजवू लागली की ती निम्म्यावर येतात.

जायचं तर मागची रांग धरा. सतरंजी घरचीच न्या, तिथल्या मॅट घामाने निसटतात. शवासनात कंबर अवघडत असेल तर गुडघ्यांखाली लोड मागून घ्या. आणि कंबरेतून पायात कळ जात असेल तर पुढे वाकायची आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.