काट्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी ‘डायलॉग’, दोन सीझन वापरून लिहितोय

आमच्या काकांचा हिंगणघाटच्या अलीकडं रोडवर वजनकाटा आहे. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्यांची रांग लागते, ट्रॅक्टर, पिकअप, मधातच एखादी बैलबंडी पण. कॉम्प्युटर जुना, २ जीबी रॅमचा, त्याच्यावर विंडोज चालेनाच म्हणून मी नुसतं डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, डेस्कटॉप वगैरे काही नाही, काळी स्क्रीन अन् पावतीसाठी एक बॅश स्क्रिप्ट, म्हणजे एकामागं एक कमांड लिहिलेली फाइल.

सुरुवातीला सगळे प्रश्न बॅशच्या साध्या ‘रीड’ कमांडनं विचारले होते. गाडी नंबर, नाव, भरती वजन (मालासकट), खाली वजन (रिकाम्या गाडीचं). पहिल्याच दिवशी काकांचा फोन, “बाबू, नावात एक अक्षर चुकलं म्हणून मी मागं जायचा बाण दाबला तं हे टोपी अन् कंस काहून येऊन राह्यले?” साध्या रीडला बाणाचं बटण कळत नाही, ते त्याचा कोडच जसाच्या तसा स्क्रीनवर छापतं. रीडला डॅश ई लावलं की बाण चालतात, डॅश आय दिलं की आधीचं उत्तर पण भरून येतं, हे मला नंतर कळलं. पण तोवर काकांचा त्या काळ्या ओळीवरचा भरोसा उडाला होता, म्हणून मग डायलॉग बसवलं.

डायलॉग म्हणजे टेक्स्ट स्क्रीनवरच चौकट काढून प्रश्न विचारणारा छोटासा प्रोग्राम. मूळ साविओ लॅम यांनी लिहिलेला, आता कित्येक वर्षं थॉमस डिकी सांभाळतात, टेक्स्ट स्क्रीनवर चित्र काढायची एनकर्सेस लायब्ररी पण तेच सांभाळतात, त्यामुळे स्क्रीनचं काम एकदम पक्कं आहे. इनपुटबॉक्स ऑप्शनला प्रश्न, उंची, रुंदी द्यायची, अन् शेवटी पाहिजे तर आधीच भरलेलं उत्तर. उंची-रुंदी दोन्ही शून्य ठेवली तर माप स्वतःच घेतं. आमचं सगळं काम ह्या शेवटच्या भरलेल्या उत्तरावर चालतं. गाडी खाली होऊन परत काट्यावर आली की नंबर टाकताच सकाळचं नाव चौकटीत तयार असते, काका नुसतं एंटर मारतात. रांगेत पंधरा गाड्या उभ्या असल्या म्हणजे ह्याची किंमत कळते.

चुकीच्या आकड्याचं मात्र नीट समजून घ्या. डायलॉग काहीच तपासत नाही, वजनाच्या जागी नाव टाकलं तरी ते मुकाट्यानं घेते, ते काम आपल्या स्क्रिप्टचं. काका सवयीनं ४१२० च्या पुढं केजी लिहायचे. आधी मी चूक दाखवून रिकामी चौकट परत उघडायचो, ते चिडायचे, अन् बरोबर होतं त्यांचं, आकडा तर त्यांनी टाकला होता. आता चौकट परत उघडते तेव्हा त्यांनी लिहिलेलं तसंच आत असते अन् वर लिहून येते ‘फक्त किलोचा आकडा’, दोनदा बॅकस्पेस मारली की झालं. खाली वजन भरतीपेक्षा जास्त आलं तरी असंच. भरती ४१२०, खाली २२६०, म्हणजे कापूस १८६० किलो, १८ क्विंटल ६०. ह्याच्यात एक आकडा इकडचा तिकडं झाला की शेतकऱ्याचे पैसे जातात, म्हणून मी ह्या एका गोष्टीवर आठ दिवस घातले अन् त्याचं मला काही वाटत नाही.

बसवताना मी दोन ठिकाणी अडकलो. प्रोग्रामला लिहायला दोन वाटा असतात, स्टँडर्ड आउटपुट अन् स्टँडर्ड एरर. डायलॉगचं उत्तर आउटपुटवर येत नाही, एररवर येते, कारण आउटपुटवर तो चौकट काढत असतो. माझ्या स्क्रिप्टमध्ये नाव रात्रभर रिकामंच येत होतं, डॅश डॅश एसटीडीआउट लावलं तेव्हा सुटलं. दुसरं म्हणजे एक्झिट कोड, प्रोग्राम बंद होताना जो आकडा देऊन जातो तो. ओके म्हणजे ०, कॅन्सल १, एस्केप २५५. मी आधी हे पाहतच नव्हतो, काकांनी एस्केप मारलं अन् कोरी पावती छापून निघाली.

एकाच पानावर चार रकाने विचारणारा फॉर्म पण आहे त्याच्यात. दिसायला छान, पण काट्यावर नाही जमला. पहिला रकाना भरून हात आपोआप एंटरवर जातो, अन् एंटर म्हणजे ओके, बाकी तीन रिकामेच निघून जातात. खालच्या रकान्यात जायला खालचा बाण लागतो, तो काकांच्या बोटात नाही. एकेक प्रश्नच बरा.

व्हिपटेल, डायलॉगसारखाच दुसरा प्रोग्राम, तो पण पाहिला, डेबियनमध्ये बहुतेक आधीच असते, साध्या प्रश्नाला चालते, पण त्याच्यात फॉर्म नाही अन् एसटीडीआउटवाली सोय नाही, आउटपुट अन् एररच्या वाटांची (३, १, २ ह्या नंबरांनी) अदलाबदल करत बसावं लागते.

मराठीचं मात्र मनाला लागते. ह्या काळ्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं बसतात अन् जोडाक्षर जुळवायची सोयच नाही, म्हणून प्रश्न सगळे रोमन लिपीत लिहिले. हा डायलॉगचा दोष नाही, पण ज्याच्या कापसाची पावती आहे त्याला स्वतःचं नाव पाटीवर लिहितो तसं दिसावं, एवढं तर पाहिजे ना. पावती मी वेगळ्या रस्त्यानं मराठीत छापतो, नावांची यादी एकदा हातानं बनवून ठेवली, नवीन माणूस आला की संध्याकाळी मोबाईलवरून त्याचं नाव भरतो.