स्प्रिंगची नवी की पीसीपी जुनी: मध्यम बजेटमधील एअर रायफल

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणल्यामुळे कोल्हापुरात रायफल घ्यायची ती नेमबाजीसाठीच, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवल्यावर मुलांनी तिचा हट्ट धरणे स्वाभाविकच आहे. स्प्रिंगची नवी रायफल स्वस्त पडते आणि तिला पंप लागत नाही. मात्र घोडा दाबताच आतला पिस्टन पुढे धडकतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच रायफल हलते. दहा मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असताना, चूक आपली की रायफलची हे नवशिक्याला कळतच नाही, आणि माझ्या मते हाच तिचा मोठा दोष आहे. पीसीपी म्हणजे पंपाने आधी हवा भरून ठेवायची रायफल; तिच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा आधीच भरलेली असल्याने धक्का जवळजवळ जाणवत नाही. स्पर्धेत उतरायचे असेल तर मी जुनी पीसीपीच सुचवेन. मात्र सिलिंडरवर कोरलेली निर्मितीची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण उत्पादक त्याचे आयुष्य सहसा दहा वर्षांचेच धरतात आणि नवा सिलिंडर घ्यावा लागला तर खर्चाचा सगळा हिशेब बदलतो.