ठाणे जिल्ह्यातली दोन पक्षांतरं: नाईक आणि शिंदे

गणेश नाईकांनी २०१९ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर राष्ट्रवादी सोडून भाजप धरला आणि लगेच ऐरोलीत कौल मागितला. एकनाथ शिंदेंचं बंड जून २०२२ मधलं, म्हणजे मुदतीच्या मध्यावरचं. विधानसभेचा मतदार गाठायला २०२४ उजाडलं. शिवसेनेच्या शाखांचं जाळं मात्र त्यांच्या बरोबर राहिलं. दोघेही जिंकले.

तरी वाशी-घोडबंदरच्या, कुठल्याच झेंड्याला न बांधलेल्या मतदाराला नाईकांची वाट अधिक पटावी, असं मला मनापासून वाटतं. चिन्ह बदललं तरी त्याला चालतं, पण आधी विचारायला हवं. अर्थात विचारलं म्हणजे मत मिळतंच असं नाही. गणेश नाईकांचे पुत्र संदीप नाईक २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षात गेले आणि बेलापुरात ३७७ मतांनी हरले. त्यांना हरवणाऱ्या भाजपच्या मंदा म्हात्रेही मूळच्या राष्ट्रवादीच्याच!