विज्ञानाची शब्दयादी: पाठातले सगळे शब्द घ्यायचे की निवडक?

पाठ सुरू करण्याआधी शब्दयादी करायची, तर शिक्षकापुढे दोन रस्ते असतात. पुस्तकात ठळक छापलेले सगळे शब्द उतरवून घ्यायचे, नाहीतर पाठाचा गाभा धरून त्याला लागणारे पाच-सहाच निवडायचे.

पहिल्या रस्त्याला तयारी जवळजवळ लागत नाही आणि काही सुटल्याची धास्तीही नसते. नववी-दहावीला तोच बरा. तिथे त्वरण, विस्थापन यांची नेमकी व्याख्या आणि एकक विचारतात. तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासाला मात्र तो महागात पडतो. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, पण ओला रुमाल का वाळला ते सांगता येत नाही.

बाष्पीभवनाचंच घ्या. एकसारखे दोन ओले रुमाल, एक पसरून, दुसरा चार घड्या घालून ठेवायचा. पसरलेला आधी वाळतो. हे पाहून झालं की ‘बाष्पीभवन’ फळ्यावर लिहायचं. ‘उत्कलन’, म्हणजे उकळणं, त्या दिवशी नको. दोन्ही एकाच तासाला दिले की उत्तरपत्रिकेत ‘पाण्याचे बाष्पीभवन १०० अंशांना होते’ असं हमखास येतं. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला, फक्त पृष्ठभागावरून होतं. उत्कलन ठरावीक तापमानाला, सगळ्या द्रवात. हा फरक थर्मामीटर हाताळता येऊ लागल्यावर, सहावीच्या पुढे, नीट पचतो.

निवडक यादीची खरी अडचण वेगळीच आहे. आपण लांबलचक शब्द हेरतो आणि साधे दिसणारे सोडून देतो. ‘प्रकाशसंश्लेषण’ अवघड वाटतो, पण त्याचा दुसरा अर्थ मुलाच्या डोक्यात नसतो, त्यामुळे गोंधळही कमी. घोळ घालतात ते घरातले शब्द: वजन, काम, उष्णता, बल. भाजीवाला वजन किलोत सांगतो. विज्ञानात १० किलो हे वस्तुमान, वजन सुमारे ९८ न्यूटन. भिंत ढकलून घाम फुटला, तरी ती हलली नाही तर भिंतीवरचं काम, म्हणजे विज्ञानातलं कार्य, शून्य! पाचवीपर्यंत वजन-वस्तुमान वेगळे करायच्या भानगडीत पडू नये. गुरुत्वाकर्षण शिकवताना मात्र हे शब्द यादीत सगळ्यात वर हवेत.

सहावी ते आठवीसाठी म्हणून मधला मार्ग: पाठाला पाच-सहा नवे शब्द, आणि त्यांशिवाय अर्थ बदलणारे एक-दोन ओळखीचे. बाकीचे ठळक शब्द वाचताना कळले की पुरे. परावर्तन आणि अपवर्तन यांसारख्या जोड्या एकाच आठवड्यात देऊ नयेत.

मराठी संज्ञेबरोबर इंग्रजी द्यायची का? सेमी इंग्रजीच्या वर्गाला पहिल्यापासून दोन्ही. मराठी माध्यमात नववीपासून जोडीने द्यावी, कारण अकरावी विज्ञान इंग्रजीतून असतं. त्याआधी ऑक्सिजन, व्होल्टमीटर असे रुळलेले शब्द आहेत तसेच चालतात. हिंदी व्हिडिओंवर मात्र लक्ष ठेवा: त्यांतलं ‘विकिरण’ म्हणजे आपलं प्रारण (रेडिएशन), आणि मराठी पुस्तकात विकिरण म्हणजे प्रकाशाचं विखुरणं. या एका शब्दावर गुण जातात.

यादी जमली का, हे व्याख्या विचारून कळत नाही. शब्द न वापरता घटना सांगायला लावा, मग तीच शब्द वापरून. पहिलं जमलं आणि दुसरं अडलं, तर शब्द पुन्हा घ्या. पहिलंच अडलं, तर आधी प्रयोग पुन्हा करा.