सोलापुरात चार्जिंगची गाडी: बॅटरी खरंच किती जाते आणि किलोमीटरला किती पैसे पडतात

ज्यांचं रोजचं फिरणं गावातल्या गावात आहे त्यांनी इलेक्ट्रिक स्कूटर बिनधास्त घ्यावी असं माझं पक्कं मत झालंय, फक्त शोरूममध्ये सांगतात तो हिशोब धरू नका, सोलापूरचं ऊन आणि आपलं लाईटबिल धरून हिशोब करा.

माझ्या गाडीची बॅटरी 3 किलोवॅट-अवरची, म्हणजे 3 युनिटची. धंदा टॉवेल-चादरीचा, त्यामुळं जुळे सोलापूरहून निघायचं, अक्कलकोट रोड एमआयडीसी, तिथून नवी पेठ, मधी कन्ना चौक, असं दिवसभर चालूच असतंय आणि पायाशी बहुतेक वेळा टॉवेलचा गठ्ठा. कागदावर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारे किलोमीटर, 120 च्या पुढं लिहिलीय, पण ती टेस्टिंगमधली, ठरलेल्या स्पीडची. आपल्याकडं गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात, म्हणजे जानेवारीच्या थंडीत, इको मोडला (कमी वीज खाणाऱ्या सेटिंगला) 90 पर्यंत जाते, गठ्ठा असला की 75-80 धरून चाला. होटगी रोडला रस्ता मोकळा दिसला म्हणून 60 ला नेली की टक्के डोळ्यादेखत उतरायला लागतात, कारण स्पीड वाढला की हवेचा अडथळा त्याहून जास्त पटीनं वाढतो. आणि गंमत बघा, सात रस्त्याच्या गर्दीत जिथं पेट्रोलची गाडी जास्त पेट्रोल पिते तिथंच हिला सगळ्यात चांगलं ॲव्हरेज मिळतं, थांबली की मोटर बंद, वेग कमी करताना थोडी वीज परत बॅटरीत.

आता पैशाचं. मी चार्जिंगच्या प्लगला वेगळा सबमीटर लावून घेतलाय, प्रत्येकानं लावावा, दोन पैसे जातील पण कळतं तरी. बॅटरी 3 युनिटची असली तरी फुल करायला मीटरवर साडेतीनच्या आसपास पडतात, चार्जर तापतो त्यात थोडी वीज जाते. आणि युनिटचा दर धरताना बिलाची सरासरी काढू नका. घरात पंखा-फ्रिज आधीपासून आहेच, स्वस्त दराचे पहिले 100 युनिट त्यातच संपतात, मग गाडीचे युनिट वरच्या महागड्या स्लॅबमध्ये पडतात, त्यावर वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क. मी 12 रुपये युनिट धरतो. म्हणजे फुल चार्जला 42 रुपये, 80 किलोमीटर, किलोमीटरला पन्नास पैशाच्या थोडं वर. पेट्रोल शंभराच्या वर आहे आणि स्कूटर 45 चं ॲव्हरेज देते म्हटलं तर सव्वादोन रुपयांच्या पुढं जातं. रोज 30 किलोमीटर फिरणाऱ्याचे महिन्याला दीड हजार वाचतात, ऑइल आणि स्पार्क प्लगचा खर्च नाही तो वेगळा. टायर आणि ब्रेकचा मात्र तेवढाच येतो.

उन्हाळ्याचं जरा नीट ऐका. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जातो, त्यात एमआयडीसीत पत्र्याखाली गाडी उभी केली की सीट उचलल्यावर आतनं वाफ आल्यासारखी झळ येते. लिथियम बॅटरीला गरमीचा त्रास सगळ्यात जास्त, त्यातही फुल चार्ज करून उन्हात उभी केली तर तिचं आयुष्य लवकर घटतं. बॅटरी गरम झाली की आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, पॉवर कमी करतं, चार्जिंगही हळू करतं, ते गाडी बिघडल्याचं लक्षण नाही. म्हणून मी घरी आलो की लगेच प्लग लावत नाही, जेवण होऊन बॅटरी थंड झाली की लावतो, आणि रोज 80-85 टक्क्यालाच बंद करतो. लांब जायचं असेल त्या दिवशीच 100.

अक्कलकोटला जाऊन-येऊन 80 च्या आसपास होतात, तिथं चार्जिंगची सोय असल्याशिवाय निघू नका. तुळजापूर तर त्याहून लांब आणि घाट, तिथं पेट्रोलची गाडीच बरी.

सर्व्हिसवर माझी नाराजी आहे. भर उन्हाळ्यात चार्जर गेला, वॉरंटीत होता, तरी शोरूमवाल्यांनी पार्ट पुण्याहून येतोय म्हणून ताटकळत ठेवलं आणि बदली चार्जर पण दिला नाही. घेण्याआधी हे विचाराच, की चार्जर गेला तर तात्पुरता देता का.

स्वस्त मिळते म्हणून लेड-ॲसिड बॅटरीवाली घेऊ नका, जड असते आणि रेंज लवकर पडते. 25 च्या स्पीडची आणि 250 वॅटच्या आतली असली तर लायसन्स-पासिंग लागत नाही हे खरं, पण पोरांना ट्यूशनला सोडण्यापुरतीच ती ठीक. लिथियममध्ये एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी मिळत असेल तर आपल्या हवेला ती बरी, वजन थोडं जास्त पण गरमी सोसते. 2022 मध्ये गाड्यांना आगी लागल्यावर बॅटरीचे नियम कडक झाले, एआयएस 156 म्हणतात त्याला, जुना स्टॉक कुणी गळ्यात मारत असेल तर हे आधी बघा. आणि वॉरंटी किती वर्षं एवढंच विचारू नका, बॅटरीची क्षमता किती टक्क्याच्या खाली गेली की बदलून देणार ते बिलासोबत लेखी घ्या.