‘ब्लेड रनर’ची एलपी, आठ महिन्यांनंतर: शेवटचं गाणं फाटतं

पहिल्याच आठवड्यात मी ‘ब्लेड रनर’ सिनेमाच्या संगीताच्या या एलपीचं, म्हणजे मोठ्या तबकडीच्या रेकॉर्डचं, तोंड भरून कौतुक करून मोकळा झालो होतो. आता आठ महिने झाले, एक पावसाळाही मधे गेला, आणि त्यातलं बरंच मागे घ्यायचं आहे.

सिनेमा १९८२चा, पण संगीतकार व्हँजेलिसचं मूळ संगीत अल्बम म्हणून बाहेर आलं ते थेट १९९४ साली. तोवर दुसऱ्या ऑर्केस्ट्राने वाजवलेल्या आवृत्तीवर समाधान मानायचं. मी त्या १९९४च्या सीडीवरच वाढलो, त्यामुळे एलपी घ्यायची हौस जुनीच होती. साडेचार हजार मोजले. माझ्या पगारात ही रक्कम छोटी नाही.

दुखणं आहे शेवटच्या गाण्याचं, ‘टिअर्स इन रेन’चं. सिनेमात पावसात बसलेला नट रटगर हाउअर मरण्यापूर्वी जे बोलतो ते यात आहे, आणि त्यासाठीच मी हा अल्बम घेतला. आमच्याकडे नेमका त्याचा प्रत्येक ‘स’ फाटतो. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा चर्र आवाज येतो. एकदा कानाला लागलं की दुसरं काही ऐकूच येत नाही.

दुकानात दोनदा गेलो. ‘रेकॉर्डमध्ये एवढं चालतंच’ आणि ‘सील फोडलं की परत घेत नाही’ ही दोन वाक्यं ऐकून आलो. न वाजवता खराब आहे हे कळणार कसं, याचं उत्तर कुणीच दिलं नाही. त्या रागात मी घरी येऊन रेकॉर्डलाच नावं ठेवली.

तो राग निम्मा चुकीचा होता, हे कबूल करतो. गणपतीत एक मित्र सुई जुळवायचा छापील कागद घेऊन आला. माझी कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) हेडशेलमध्ये, म्हणजे दांडीच्या टोकावरच्या तिच्या खोबणीत, जवळजवळ दीड मिलिमीटर मागे बसली होती. सुईचा तबकडीवरचा भारही हवा होता दोन ग्रॅम, भरला दीड. दोन बारके स्क्रू सैल करून पाऊण तास खटपट केली. त्यानंतर ‘रेचल्स साँग’मधला मेरी हॉपकिनचा आवाज असा काही स्वच्छ आला की आम्ही दोघं गप्पच बसलो. लव्ह थीममधल्या सॅक्सोफोनचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

पण शेवटचं गाणं अजूनही थोडं फाटतंच. कारण साधं आहे. तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच गाण्याला निम्म्याहून कमी जागा मिळते आणि ‘स’सारखे टोकदार आवाज तिथे चुरगळतात. त्यात माझ्या प्रतीत सत्तावन्न मिनिटांचं संगीत एकाच तबकडीत कोंबलंय. एका बाजूला अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटं! खाचा बारीक, आवाज दबका, आणि दबक्या संगीतात धुळीचा कणही ठणकन वाजतो. ‘ब्लेड रनर ब्लूज’ची जवळजवळ नऊ मिनिटं अगदी संथ आहेत, तिथे लपायला जागाच नाही.

मॅसिव्ह अटॅक या बँडच्या ‘मेझनीन’ अल्बमची माझ्याकडची प्रत बघा. त्रेसष्ट मिनिटं, पण दोन तबकड्यांत, म्हणजे दर बाजूला सोळा मिनिटं. ‘एंजल’चा बास सुरू झाला की आमची खिडकी थरथरते आणि ‘टिअरड्रॉप’मध्ये एलिझाबेथ फ्रेझरचा एकही ‘स’ टोचत नाही. एअर या बँडचा ‘मून सफारी’ (दोन्ही अल्बम १९९८चेच) त्रेचाळीस मिनिटांचा, एका तबकडीत नीट मावतो. संथ संगीत पहिल्यांदाच रेकॉर्डवर घेणाऱ्याने यांपैकी एकापासून सुरुवात करावी. घेण्याआधी अल्बमची मिनिटं मोजून तबकड्यांच्या बाजूंनी भागा. दर बाजूला बावीस मिनिटांच्या वर गेलं तर मी पुन्हा पैसे घालणार नाही.

पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. आतल्या कागदी पाकिटाला बुरशी आली होती. तबकडी वाचली, पण पाकिटं प्लॅस्टिकची केली आणि रेकॉर्ड भिंतीपासून वीतभर पुढे आणल्या.

एलपी विकणार नाही. पहिली बाजू आठवड्यातून दोनदा तरी लागतेच. दुसऱ्या बाजूला ‘एंड टायटल्स’ संपलं की मी उठतो, सुई उचलतो आणि जुन्या बाजारात ऐंशी रुपयांना मिळालेल्या सीडीवर बारावं गाणं लावतो.