हाऊसबोटीवर पाणी: छतावरची टाकी की प्रेशर पंप?

दोन खोल्यांच्या हाऊसबोटीत नळापर्यंत पाणी न्यायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे छतावर टाकी बसवून घरातल्यासारखं पाणी उतरवायचं. दुसरा म्हणजे टाकी तळाशी ठेवून १२ व्होल्टच्या, नळ उघडला की आपोआप सुरू होणाऱ्या प्रेशर पंपाने पाणी ढकलायचं. बहुतेक जण किंमत बघून ठरवतात. आमच्या मते बिघाड बघून ठरवावं: कर्लीच्या किंवा चापोराच्या पात्रात नांगर टाकलेला असताना काय बंद पडेल, आणि तांडेलाला ते जागच्या जागी सुधारता येईल का?

आधी वजन. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन, तोही सगळ्यात उंच जागी. केरळातल्या केट्टुवळ्ळम हाऊसबोटीचं छप्पर बांबू-चटईचं असतं, त्यामुळे तिथे टाकीचा भार वेगळ्या चौकटीवरच घ्यावा लागतो. अर्धी भरलेली टाकी तर जास्तच त्रासदायक, कारण बोट कलली की पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. एका रुंद टाकीऐवजी निम्म्या रुंदीच्या दोन टाक्या शेजारीशेजारी ठेवल्या तर हा परिणाम चौथाईवर येतो. मात्र त्यांना जोडणाऱ्या पाइपवरचा व्हॉल्व्ह प्रवासात बंद हवा. तो उघडा राहिला तर फायदा गेलाच. एवढं करूनही दोन मीटर उंचीवरून दाब मिळतो फक्त ०.२ बार. बादली भरते, शॉवर रडतो.

आता वीज. छतावरच्या टाकीत पाणी चढवणारा अर्ध्या एचपीचा पंप इन्व्हर्टरवर चालवला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण ५० अँपिअर ओढतो. टाकी भरायला २० मिनिटं धरली तर १७ अँपिअर-तास गेले. मिनिटाला १२ लिटर देणारा प्रेशर पंप तेवढंच पाणी ७ अँपिअरवर पाऊण तासाच्या आत देतो, म्हणजे ५ अँपिअर-तासांत काम झालं. एसीसाठी रोज जनरेटर चालतच असेल तर मात्र हा हिशोब बिनमहत्त्वाचा ठरतो.

प्रेशर पंपाचे बिघाड संख्येने जास्त, पण ओळखायला सोपे. सगळे नळ बंद असताना रात्री पंप दर काही मिनिटांनी ‘टक-टक’ करून थांबतो का? पंपाच्या लगेच पुढचा व्हॉल्व्ह बंद करा. टकटक थांबली तर गळती पुढे आहे. पहिला संशय फ्लश टाकीच्या बॉलकॉकवर घ्या, मग प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवा. थांबली नाही तर पंपाच्या आतल्या, पाणी मागे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये वाळूचा कण अडकलाय, तो उघडून धुवा.

पंप फिरतोय पण पाणी येत नाही, तेव्हा तो बहुधा हवा ओढत असतो. टाकीत पाणी आहे ना ते बघा, गाळणी उघडून साफ करा, तिच्या झाकणाची रबरी रिंग तपासा आणि होजची क्लिप आवळा. सक्शनला पारदर्शक पाइपचा वीतभर तुकडा लावून ठेवला तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

धार मंद असेल तर पंपाला दोष देण्याआधी मल्टिमीटर घ्या. पंप चालू ठेवून बॅटरीवर आणि पंपाच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२.५ आणि पंपाशी ११.३ आले तर १.२ व्होल्ट वाटेत खर्ची पडतायत. दहा मीटर लांब, २.५ चौरस मिमीच्या तारेत ८ अँपिअरला जाऊन-येऊन १.१ व्होल्ट जातातच. ६ चौरस मिमीची तार घातली की ते अर्ध्या व्होल्टच्या आत येतं. तार जाड असूनही घट दिसली तर तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या थिंबलवरची स्लीव्ह सोलून बघा. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवी भुकटी धरलेली असते. चकचकीत तांबं लागेपर्यंत तार कापा आणि कल्हई केलेलं नवं थिंबल लावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज कधीच घालू नका, तार पेटते.

छतावरच्या टाकीचे बिघाड कमी, पण महाग. फ्लोट स्विच अडकला की टाकी वाहत राहते. ओव्हरफ्लोचा पाइप बोटीबाहेर नेलेला नसेल तर तेच पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत साचतं. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा बहुतेकदा कपॅसिटर गेलेला असतो.

खरी काळजी २३० व्होल्टची. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लागलाच पाहिजे, पण जनरेटरवर त्याच्या भरवशावर राहू नका. जनरेटरचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसेल तर टेस्ट बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो, आणि खरी गळती झाल्यावर पडत नाही. जनरेटरवर असताना हा जोड जनरेटरपाशी हवा. धक्क्यावरून केबल घेतल्यावर तो बोटीवर नको, किनाऱ्यावरचाच पुरतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. पाण्यात उतरलेली वीज खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्यात पोहणाऱ्याला जास्त घातक असते, कारण गोड्या पाण्यापेक्षा शरीरातून ती सहज वाहते.

रोज रात्री जनरेटर चालवणाऱ्या मोठ्या, रुंद बोटीने छतावर दोन लहान टाक्या घ्याव्यात. बाकी सगळ्यांनी प्रेशर पंप घ्यावा, आणि त्याच पंपाने भरणारी ५० लिटरची टाकी फक्त संडास-मोरीसाठी वर ठेवावी. पंपाच्या डब्यात एक प्रेशर स्विच, एक डायाफ्रॅम-व्हॉल्व्हचा संच, गाळणीची रिंग, पंपावर लिहिलेल्या अँपिअरचे चार फ्यूज आणि दोन होज क्लिप कायम असू द्या. बोट सोडून जाताना पंपाचा स्विच बंद करा, नाहीतर एक जोड सुटला की तळातली सगळी टाकी बिल्जमध्ये रिकामी होते.